विनायक, पाइपाचं काय करायचं?

विनायक,

परवा तुझं तेरावं झालं. पंगत उठली, माणसं पांगली आणि शुभाने ओला हात पदराला पुसत तुझ्या गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "वन्सं, गाडी तेवढी चालू करून द्या. पुढच्या आठवड्यापासून शाळेत शिकवायला जायचंय, रोज सारनाथपर्यंत ऑटोच्या मागे नाही धावायचं मला. अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, तर ते तरी आता कोण नेणार? त्या पाइपाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. हे तसंच म्हणाले होते."

एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. संध्याकाळी भाजी कोणती करायची हे विचारावं तितक्या सहज तुझ्या बायकोने मला हे सांगितलं, आणि मी किल्ली मुठीत धरून तिथेच बसून राहिले.

म्हणाला होतास खरा तसं. त्याचाच मला राग आहे. आता तो कुणावर काढायचा कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढते. एरवीही मोठ्या बहिणीचा राग तूच खात आलास.

तुझी गाडी मैदागिनच्या त्या अहात्यात, भिंतीआडच्या मोकळ्या आवारात, उभी आहे, जिथे तू ती कायम लावायचास, कारण मंगला गौरीच्या आपल्या गल्लीत सायकलसुद्धा तिरकी करून आणावी लागते. बॉनेट उघडलं की आत तुझा भगवा गमछा दिसतो. इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाला तो बांधलाय, उंदीर आत जाऊ नये म्हणून. तिथे खरं म्हणजे कंपनीचा एक काळा डबा असायला हवा. त्या डब्यात कागदाचा फिल्टर असतो, धूळ बाहेर राहते, हवा आत जाते. बापडा कुणाच्या अध्यात ना मध्यात. जगातले शहाणे लोक आधी नवीन वस्तू आणतात आणि मग जुनी काढतात. तू अक्षय्य तृतीयेला डबा काढलास आणि पाठशाळेतल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांना देऊन टाकलास, कारण त्यांच्याकडे अशीच गाडी होती आणि त्यांचा डबा फुटलेला होता. नुसता दिला नाहीस. तळहातावर पाणी सोडून, संकल्प करून, दक्षिणेसकट दिलास. गाडीच्या फिल्टरचा डबा दान देणारा माणूस काशीत, म्हणजे पृथ्वीवर, तू एकटाच असशील.

मी ओरडले तेव्हा काय म्हणालास? "ताई, आता परत मागता येत नाही. दान दिलेलं आहे. मतलब आता नवीन घ्यावंच लागेल." परतीची वाट बुजवावी म्हणूनच तू तो डबा दिलास हे मला तेव्हाच कळलं होतं. पाठोपाठ त्याच वैशाखात तुझं पोट दुखायला लागलं. नवीन काही आलंच नाही.

आपलं भांडण मात्र त्याच्याही कितीतरी आधीचं. तुला पहिल्यांदा तो उघडा फिल्टर हवा होता, शंकूसारखा, लाल, डब्याशिवाय बॉनेटखाली बसवायचा. फोनवर चित्रं दाखवत फिरायचास. धोतर नेसलेला, कपाळाला भस्म लावलेला भटजी घाटाच्या पायरीवर बसून फिल्टरची चित्रं बघतोय, हे पाहून यात्रेकरू बिचकायचे. मी म्हटलं, अरे, बॉनेटखाली भट्टी असते, तिथली तापलेली हवा पातळ, ती इंजिनाला घालून त्याचं काय भलं होणार? रेल्वेच्या इंजिन-कारखान्यात हवा गाळायच्या जाळ्या तपासण्यात माझी आजवरची सगळी नोकरी गेली, हे तुला आठवत होतं. पण घरच्या माणसाची विद्या ही विद्या नसते. शेवटी मी ज्येष्ठातल्या उन्हात तुझ्या बॉनेटखाली थर्मामीटर ठेवला आणि तो तुझ्या हातात दिला. तू तो उलटासुलटा करून बघितलास. मग तोंड वर करून म्हणालास, "म्हणून तर मी म्हणत होतो, गार हवा पाहिजे."

म्हणत होतास! तू कधी हरलाच नाहीस, विनायक. भूमिका बदलायचास आणि जणू पहिल्यापासून तिथेच उभा होतास असं दाखवायचास. पाठशाळेत तुम्हाला पूर्वपक्ष मांडायला शिकवतात, त्याचं खंडन करायला शिकवतात. हरल्यावर काय करायचं हे शिकवत नसावेत.

मग आला पाइप. बॉनेटमधून खाली उतरणारा, बंपरच्या मागे तोंड असलेला, बाहेरची गार हवा ओढणारा लांब पाइप. यात तुझं म्हणणं खोटं नव्हतं, हवा गारच मिळते. पण ते तोंड जमिनीपासून वीतभर वर. सारनाथच्या रस्त्यावर रेल्वे पुलाखाली श्रावणात पाणी तुंबतं, त्या पाण्यात गाडी घातली की पाइप हवेऐवजी पाणी ओढणार. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो, रॉड वाकतो, इंजिन संपलं. हे मी तुला किती प्रकारे सांगितलं! चहाच्या कपात चमचा बुडवून सांगितलं. आरती चालू असताना कानात सांगितलं.

"मी पुलाखालून जाणारच नाही," तू म्हणायचास. "मी पावसाळ्यात वरून वळसा घालीन."

"तू घालशील. शुभा?"

"शुभा कुठे गाडी चालवते? लायसन तर असंच काढून ठेवलंय. तू फालतूची बहस करतेस, ताई."

आता शुभाच चालवणार. तुझ्या मरणाने तुझाच एक मुद्दा पडला, आणि ते तुला सांगायची सोय राहिली नाही.

माझ्या मताला तू नावं ठेवायचास. मला काय हवं होतं? तसाच दुसरा बंद डबा, त्यात चांगला फिल्टर, तोंड वर, गाडीच्या पुढच्या दिव्याच्या मागे, जिथे पाणी पोचत नाही. "हे तर सरकारी उत्तर झालं," तू म्हणायचास. झालं तर झालं. काशीत बारा महिने कुठे ना कुठे खोदकाम चालू असतं, त्या धुळीत इंजिन टिकवायचं तर हेच उत्तर आहे. मी ते आजही बदलणार नाही.

पण एक गोष्ट तू प्रयागच्या रस्त्यावर बोललास ती मला खोडता आली नाही. नागपूरचे यात्रेकरू संगमावर पोचवून आपण परत येत होतो. गाडीत आपण दोघंच. तू म्हणालास, "ताई, ताकदीचं सोड. ताकद मला कशाला पाहिजे, मी काय शर्यतीत उतरणार आहे? पाइप लावला की इंजिन हवा ओढताना ऐकू येतं. पायाखाली दाबलं की हूं करून ओढतं. दिवसभर मीच बोलतो घाटावर. समोरची माणसं रडतात आणि मी बोलत राहतो. त्यांच्यातलं कुणी उलटून बोलत नाही. गाडीत बसल्यावर मला दुसऱ्या कोणाचा तरी आवाज पाहिजे."

तू दुसऱ्याच क्षणी पुढच्या ट्रकला शिव्या घालायला लागलास आणि तो विषय गेला.

मग दवाखाना. स्वादुपिंड हा शब्द मी त्याआधी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचला होता. डॉक्टर शुभाला बाहेर नेऊन सांगत होते आणि तू आत छताकडे बघत पडला होतास. काही आठवड्यांत तुझे हात असे झाले की दर्भाचं पवित्रक बोटातून गळून पडावं. मी रोज कारखान्यातून सुटले की यायचे आणि काय बोलावं सुचत नसे. तब्येतीचं बोलायचं नाही, घराचं बोलायचं नाही, अण्णांचं तर नाहीच. मग मी आपलं हुकमी अस्त्र काढलं. खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "तुझा तो पाइप साफ चुकीचा आहे. आज पुलाखाली गुडघाभर पाणी होतं, मी बघून आले."

तू डोळे उघडलेस. मला वाटलं, आता सुरू होईल. तू म्हणालास, "तुझंच खरं, ताई. तू म्हणशील ते बसव."

एवढंच. आवाजात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं त्यावर माझा विश्वास बसला नव्हता, तो त्या वाक्यावर बसला. मी घाबरून काय केलं माहीत आहे? तुझी बाजू घेतली. "नाही रे, पाइपाचंही बरोबर आहे," मी म्हणाले, "वळसा घातला तर काय हरकत आहे? गार हवा मिळते, आवाज चांगला येतो." माझ्या आयुष्यात मी कधी एवढं खोटं बोलले नसेन. तुला डिवचायला मी तुझाच पक्ष लढवत होते, आणि तू मान हलवलीस. "हो, तेही बरोबर." दोन्ही बरोबर! जो माणूस दोन तांबे शेजारी ठेवले तरी त्यातला एक चुकीच्या जागी आहे म्हणायचा, त्याला आता दोन्ही बरोबर वाटत होतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. शुभाने मला तिथे पाहिलं आणि ती शेजारी बसली.

तुला आपल्या गल्लीतून नेलं तेव्हा वाटेत एक सांड आडवा उभा होता, आणि तो हलेपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. कुणी त्याला हाकललं नाही. खांद्यावर तू आणि समोर सांड, अशी ती मिरवणूक खोळंबली. तू असतास तर हॉर्न वाजवल्याचा आवाज तोंडाने काढला असतास. मणिकर्णिकेपर्यंत हाच विचार मला पुरला, आणि बरंच झालं, कारण दुसरा कुठला विचार मला झेपला नसता.

आता दहाव्याचं सांगते. ते तुला माहीत नाही, किंवा सगळ्यात जास्त तुलाच माहीत आहे. मला यातलं काही कळत नाही.

गंगा चढलेली होती, खालच्या पायऱ्या पाण्यात, म्हणून वरच्या कट्ट्यावर पिंड मांडले. तुम्हाला मूल नाही, तेव्हा करणार कोण? अण्णा. ज्या बापाने तुला हे मंत्र शिकवले त्यानेच तुझे पिंड केले. उच्चार एक चुकला नाही. मंत्र सांगायला तुझा पाठशाळेतला जोडीदार केशव होता. बायकांनी यायचं नसतं ना, तरी शुभा आणि मी गेलो. अण्णाच म्हणाले, चला.

कावळा आला आणि भिंतीवर बसला. पिंडाकडे बघेना. केशवने नेहमीप्रमाणे सांगितलं, ज्याला जे कबूल करायचं असेल त्याने मोठ्याने बोला, त्याची काही इच्छा अडली असेल. अण्णा म्हणाले, "शुभाला आम्ही लेकीसारखं सांभाळू." कावळा ढिम्म. शुभा म्हणाली, "मी अण्णांना सोडून माहेरी जाणार नाही." कावळ्याने पंख झाडले आणि पाठ फिरवली. मग केशव माझ्याकडे वळला. त्याला सगळं माहीत होतं. "ताई, तुमचं काही बोलणं राहिलंय त्याच्याशी?"

हे काम तू किती घरांसाठी केलंस! घरी येऊन पाय धुता धुता सांगायचास, "लोक भलभलतं कबूल करतात, ताई. कावळा काय, भूक लागली की येतो. पण तोवर त्यांना मोठ्याने बोलायला मिळतं. मी घाई करत नाही." तुझं हे बोलणं मला पुरतं आठवत होतं. तरीही पदर खोचून मी पुढे झाले आणि ओरडले, "विनायक, तुझा पाइप बसवते! तुझ्या मनासारखा!"

काही झालेलं मला दिसलं नाही. आणि मग मला इतका संताप आला, की तिथे कोण आहे, कुठला विधी चालला आहे, कशाचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, नाही बसवणार! तुझं चुकलंय, तू तिकडे गेलास तरी चुकलंयच! शुभा जाईल त्या पुलाखालून, शाळेची वेळ झाल्यावर कोण वळसा घालतं? रॉड वाकेल, पाण्यात मधोमध बंद पडेल, एकटी बाई काय करील? आणि तू मला ‘तुझंच खरं’ म्हणालास कसा? कुणाला विचारून म्हणालास? मला तुझं हो नको होतं. मला उत्तर हवं होतं. डबा दान करतो! दान करायला दुसरं काही मिळालं नाही? मी बोलत सुटले, विनायक. धुळीचं बोलले, गरम हवेचं बोलले, थर्मामीटरचं बोलले, लहानपणी तू माझी दौत सांडून मांजराचं नाव घेतलंस तेही बोलले. घसा बसला तेव्हा थांबले.

डोळे पुसून बघते तर पिंड फुटलेला आणि कावळा उडून गेलेला.

"शिवला?" मी विचारलं.

अण्णा म्हणाले, "केव्हाच शिवला. तू बोलत होतीस म्हणून आम्ही थांबलो."

"कोणत्या वाक्याला शिवला, अण्णा? बसवते म्हटलं तेव्हा, की नाही बसवणार म्हटलं तेव्हा?"

अण्णा केशवकडे बघायला लागले. केशवने शुभाकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना. कावळा शिवला तेव्हा ते सगळे माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर सगळ्यांना मोकळं वाटलं. केशव दोनदा जेवला. मला मात्र कुणीतरी फसवल्यासारखं झालं होतं. तो कावळा आलाच नसता तर बरं, असं मला वाटत होतं. म्हणजे तुझं काही अडलंय, तुला अजून काही बोलायचंय, असं तरी धरून चालता आलं असतं. आता तू सुटलास, असं सगळे म्हणतात. सुटलास तर सुटलास. निकाल न सांगता उठून गेलास, आणि ठरवायचं माझ्या गळ्यात टाकून गेलास.

तर ठरवलं. काल लहुराबीरच्या जुन्या पार्टच्या दुकानांतून तुझ्या गाडीचा बंद डबा शोधून आणला, नवा फिल्टर घातला, आणि आज सकाळी मैदागिनला मिस्त्रीला बोलावून तो बसवला. मिस्त्री कुरकुरला, "दीदी, गुरुजी तो पाइप बोले थे." मी म्हटलं, गुरुजी बोलते बहुत थे. तोंड वर ठेवलं, दिव्याच्या मागे. डबा आवळणारी एकेक पट्टी मी स्वतः ओढून बघितली. गमछा शुभाने घडी करून पिशवीत ठेवला.

मग ती गाडीत बसली, पाठ ताठ करून, आणि किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. तिने पाय थोडा दाबला, थोडा आणखी दाबला. हूं नाही, चूं नाही. काचेतून डोकं बाहेर काढून ती म्हणाली, "वन्सं, आवाजच येत नाही काही. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. आणि बरोबरच आहे, विनायक. त्या पुलाखालून ती सुखरूप जाईल, या धुळीत हे इंजिन तुझ्या शुभाला वर्षानुवर्षं पुरेल, आणि माझ्या म्हणण्यात एकही खोट निघणार नाही. मी उघड्या बॉनेटवर वाकून ते नीट, शांत, निमूट चाललेलं इंजिन ऐकत उभी होते.

मिस्त्रीने हात पुसले आणि बॉनेटला हात घातला. "बंद कर दें, दीदी?"

मी म्हटलं, "रुको जरा. वो कुछ बोलेगा."